रक्तविकार विभागात आल्यावर

आमच्या रुग्णालयाच्या रक्तविकार विभागात प्रथमच येणारे आई-वडील बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात : "रक्त भरले की बाळ बरे होईल ना?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एका वाक्यात बसत नाही. विभागात सिकलसेल आणि हिमोफिलियाचे रुग्णही येतात व त्यांचे उपचार निराळे असतात; परंतु नियमितपणे रक्त घेण्यासाठी येतात ती मुख्यत्वे थॅलेसेमिया मेजर झालेली मुले. म्हणून येथे त्यांच्याविषयीच लिहीत आहोत.

असे मूल जन्मतः निरोगी दिसते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्याला पहिले काही महिने सांभाळून घेते. ते ओसरू लागले की, साधारणतः सहा महिने ते दोन वर्षे या वयात, मूल फिकट पडते, दूध घेईनासे होते, त्याची पाणथरी वाढून पोट मोठे दिसू लागते. पुष्कळदा तोवर लोहाची औषधे देऊन झालेली असतात. या आजारात रक्त कमी असते ते लोहाच्या अभावामुळे नव्हे. हिमोग्लोबिनचा एक घटक शरीर पुरेसा बनवूच शकत नाही, हे त्याचे कारण.

पहिली पिशवी लावण्यापूर्वी आम्ही मुलाच्या रक्ताचा नमुना निदानासाठी आणि रक्तगटाच्या सविस्तर तपासणीसाठी घेतो. एकदा दात्याच्या पेशी मिसळल्या की या दोन्ही गोष्टी अवघड होतात. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी यावे लागते. रक्त देण्यापूर्वीचे हिमोग्लोबिन ९ ते १०.५ ग्रॅमच्या दरम्यान राहावे, असा प्रयत्न असतो. मूल फिकट दिसेपर्यंत थांबायचे नसते. हाडांची ठेवण आणि वाढ नीट राहावी यासाठी ही पातळी राखली जाते.

सकाळी नमुना दिल्यापासून पिशवी खाटेजवळ येईपर्यंत जो वेळ जातो, त्याबद्दल कुटुंबीयांची तक्रार असते. ती आम्हांस मान्य आहे. परंतु हा वेळ आम्ही कमी करणार नाही. मागील खेपेच्या रक्तामुळे मुलाच्या शरीरात नवी प्रतिद्रव्ये तयार झाली असतील, तर मागच्या वेळी जुळलेले रक्त या वेळी जुळेलच असे नाही. पिशवी सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटे परिचारिका जवळ असते. थंडी वाजणे, अंगावर गांध उठणे, पाठ दुखणे, श्वास लागणे, यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ सांगावे. पिशवी संपण्यास तीन ते चार तास लागतात. शेवटची एस.टी. चुकेल म्हणून कोणी नळीचा वेग स्वतःहून वाढवू नये. असे घडलेले आहे, म्हणून लिहिले.

आता उत्तराचा कठीण भाग. लाल पेशींच्या एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. निरोगी माणूस आहारातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषून घेतो आणि जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची कोणतीही सोय शरीरात नाही. ते यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत आणि हृदयात साचते. जे रक्त मुलाला जगवते, तेच असे हळूहळू घातक ठरू शकते. यासाठी लोह बाहेर काढणारे औषध रोज द्यावे लागते. पूर्वी डेफेरॉक्सामिन हे औषध लहान पंपाद्वारे रात्रभर, आठवड्यातून पाच ते सात रात्री त्वचेखाली द्यावे लागे. आज बहुतेकांना डेफेरासिरॉक्स किंवा डेफेरिप्रोन या गोळ्या चालतात. डेफेरिप्रोन घेणाऱ्या मुलास ताप आल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करून घ्यावी.

लहान मुले आईच्या हातून औषध घेतात. आम्हांस खरी चिंता वाटते ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची. गोळी चुकली तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही, हे त्यांना कळलेले असते. बिघाड काही वर्षांनी फेरिटिनच्या अहवालात, हृदयाच्या एमआरआयमध्ये किंवा लांबलेल्या वयात येण्यात दिसतो. म्हणून या मुलांशी आम्ही पालकांना बाहेर बसवून बोलतो.

कायमचा उपाय म्हणून अस्थिमज्जा प्रत्यारोपण आहे. प्रत्येक सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक असते. यकृतावर व हृदयावर लोहाचा परिणाम होण्याआधी, लहान वयात ते केल्यास यश अधिक येते. ही सोय आमच्याकडे नाही. जुळणी झालेल्या कुटुंबास आम्ही योग्य केंद्राकडे पाठवतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. हा आजार एकट्या आईकडून येत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच मूल मेजर होते आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता पंचवीस टक्के असते. तरीही सासरी दोष सुनेवर येतो. म्हणून दोघांचे अहवाल आम्ही दोघांना समोरासमोर बसवूनच समजावतो. पुढील गरोदरपणात दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी दिवस राहिल्याचे कळताच यावे.

देणगीदारांकडे एक मागणे आहे. लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस साठवता येतात, आणि या मुलांना शक्यतो दोन आठवड्यांच्या आतील रक्त द्यावयाचे असते. त्यामुळे २६ जानेवारीच्या शिबिरातील विपुल रक्त मे महिन्यात उपयोगी पडत नाही. मेमध्ये महाविद्यालये बंद असतात, दाते गावी गेलेले असतात, आणि आमच्या खाटांवरील मुलांची पाळी मात्र चुकत नाही. पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येते. ज्या मंडळांची, गृहनिर्माण संस्थांची शिबिरे जानेवारीत होतात, त्यांनी एक शिबिर एप्रिलच्या अखेरीस किंवा मेमध्ये घेण्याचा विचार करावा. तारीख ठरविण्यापूर्वी आमच्या रक्तपेढीशी बोलावे, म्हणजे एकाच आठवड्यात दोन शिबिरे येणार नाहीत.