दोघांचे मैदान

३० सप्टेंबर २०२३. चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेतील टेनिसच्या मिश्र दुहेरीचा अंतिम सामना चालू होता. चायनीज तैपेईच्या जोडीसमोर भारताने पहिला सेट २-६ असा गमावला. भारताकडून खेळत होते ४३ वर्षांचे रोहन बोपण्णा आणि २७ वर्षांची ऋतुजा भोसले. वयात सोळा वर्षांचे अंतर असलेल्या या दोघांनी दुसरा सेट ६-३ असा जिंकला, निर्णायक टायब्रेक १०-४ असा घेतला आणि सुवर्णपदक मिळविले.

ऋतुजा मूळची श्रीरामपूरची. वडील पोलीस खात्यात. तालुक्याच्या गावाशी नाते सांगणारी ही मुलगी पुढे अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि भारताच्या संघात पोहोचली. महाराष्ट्राला दुहेरीची परंपरा आहेच. १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत गौरव नाटेकर यांनी लिएंडर पेस यांच्या साथीने पुरुष दुहेरीचे सुवर्ण जिंकले होते.

चाळिशी ओलांडल्यावरही एखादा खेळाडू दुहेरीत कसा टिकतो? याचे एक उत्तर मैदानाच्या मापात आहे. एकेरीत २७ फूट रुंदीचा भार एकट्यावर असतो. दुहेरीत मैदान ३६ फूट रुंद होते. परंतु ते दोघांत विभागले जाते. धाव कमी पडते, गुडघ्यांवरचा ताण हलका होतो. त्याबदली चपळ नजर, अचूक हात आणि जोडीदाराच्या हालचालींची जाण हवी असते. हे गुण वयाबरोबर लगेच ओसरत नाहीत.

तरीही शरीराची निगा टळत नाही. बोपण्णांच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजलेली होती. वेदना कमी होऊन पुन्हा खेळता आले, याचे मोठे श्रेय ते अय्यंगार योगाला देतात. म्हणजेच पुण्यात राहून बी. के. एस. अय्यंगार यांनी घडविलेल्या साधनेला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी मॅथ्यू एब्डेन यांच्यासह ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली आणि त्याच वेळी दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत प्रथमच अव्वल स्थान गाठले.

कोपनहेगन येथील दीर्घकालीन अभ्यासाचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्षही विचार करण्याजोगे आहेत. बैठे जीवन जगणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचे आयुर्मान सुमारे ९.७ वर्षांनी, तर बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे ६.२ वर्षांनी अधिक आढळले. हे केवळ खेळामुळेच घडले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. मात्र सोबतीने खेळण्यातील आनंद आणि नियमितता यांचा त्यात वाटा असावा, असे अभ्यासकांना वाटते.

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीत घराजवळ टेनिसचे मैदान नसेल, तर अंगणात दोरी बांधून बॅडमिंटनची दुहेरी खेळता येते. आजोबा-नात, आई-मुलगा अशा जोड्या कराव्यात. प्रथम दहा मिनिटे चालून अंग मोकळे करावे आणि उन्हाची वेळ टाळावी. गुडघेदुखी, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असल्यास वैद्यकीय सल्ला घेऊनच सुरुवात करावी. घरातल्या मुलीच्या हाती रॅकेट द्यायला मात्र कोणाच्या सल्ल्याची वाट पाहू नये.