बंदर बांधाल, गलबते कोठून?

तामिळनाडूत तुतिकोरिन जिल्ह्यातील कुलशेखरपट्टणम येथे देशाच्या दुसऱ्या अवकाश-प्रक्षेपण केंद्राची कोनशिला २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बसली. खर्चाचा अंदाज सुमारे ९८६ कोटी रुपयांचा. इतक्या दूरच्या कामाची उठाठेव नाशिककरांनी का करावी, असे कोणी विचारील. तेथून प्रामुख्याने ज्या लहान अग्निबाणाचे उड्डाण व्हावयाचे, त्या ‘एसएसएलव्ही’चे निर्मितितंत्र ५११ कोटींची बोली लावून जून २०२५ मध्ये हिंदुस्थान एरॉनॉटिक्सने मिळविले आणि आपल्या ओझरचा कारखाना याच कंपनीचा. एवढ्यावरून अग्निबाण ओझरलाच घडेल, असे समजून हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही.

जागेच्या निवडीविषयी आमची तक्रार नाही. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेकडे निघालेल्या अग्निबाणास श्रीलंकेचा भूभाग टाळण्यासाठी वळसा घ्यावा लागतो व त्यात इंधन खर्ची पडते. थोरला ‘पीएसएलव्ही’ हा भुर्दंड सोसतो. जेमतेम ५०० किलो भार नेणाऱ्या धाकट्यास तो जड जातो. कुलशेखरपट्टणमहून दक्षिणेस खुला समुद्र आहे.

प्रश्न आहे तो संख्येचा. डिसेंबर २०२६ पर्यंत केंद्र सज्ज होईल आणि वर्षाला सुमारे २४ उड्डाणे करता येतील, असे ‘इस्रो’चे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. तोवर या अग्निबाणाची एकंदर तीन उड्डाणे झाली होती. ७ ऑगस्ट २०२२ चे पहिले फसले आणि उपग्रह योग्य कक्षेत पोहोचलेच नाहीत. २०२३ व २०२४ मधील दोन्ही यशस्वी झाली. अपयशानंतर सहा महिन्यांत शास्त्रज्ञांनी दोष निवारला, हे खरोखर कौतुकास्पद आहे. परंतु दोन वर्षांत तीन कोठे आणि वर्षाला चोवीस कोठे!

शिवाय गिऱ्हाईक कोण? जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ‘स्पेसएक्स’ने एकाच अग्निबाणातून १४३ उपग्रह नेले. एसटीचे तिकीट स्वस्त मिळत असता स्वतंत्र टॅक्सी तोच करील, ज्याला आपल्या वेळी आपल्याच दारी उतरावयाचे आहे. असे उतारू आहेत, यात शंका नाही. पण वर्षाला चोवीस फेऱ्या भरतील इतके आहेत काय, याचा हिशेब जनतेपुढे आलेला आम्हांस तरी दिसला नाही.

कारखानदारीचीही गत पाहावी. ८३ तेजस विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. २०२४ मध्ये मिळावयाची विमाने रखडली, कारण अमेरिकेहून इंजिनेच उशिरा आली. ओझरच्या नव्या तेजसने पहिली भरारी घेतली ती १७ ऑक्टोबर २०२५ रोजी. आणि विमानतळाच्या इमारतीने विमाने येत नाहीत, हे नाशिककरांस शिकवावयास नको: ओझरच्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन २०१४ सालचे, पण सुरळीत विमानसेवेसाठी वाट पाहावी लागली ती वर्षानुवर्षे.

म्हणून सरकारने दरवर्षी संसदेपुढे तीनच आकडे ठेवावेत: कारखान्यातून बाहेर पडलेले अग्निबाण किती, पैसे भरून नोंदलेले उपग्रह किती, आणि प्रत्यक्ष झालेली उड्डाणे किती.