हिवताप आणि हवाईची पाखरे

परोपजीवी जंतू रोग देतो, हे आपण जाणतोच; पण रानपाखरांच्या आनुवंशिक विविधतेला तो चाळणीही लावतो. हवाई बेटांवर पूर्वी डास नव्हता. १८२६ च्या सुमारास तो जहाजातून आला. आपल्या गटारांत वाढणारा क्यूलेक्स तो हाच. पुढे त्याच्या दंशातून पक्ष्यांचा हिवताप पसरला. प्रयोगात एकाच दंशाने लाल ईवी पक्ष्यांपैकी दहांतले नऊ दगावले. आज ईवी मुख्यतः डासांना न मानवणाऱ्या थंड उंचवट्यांवर उरला आहे.

हिरवट-पिवळा अमाकिही मात्र सखल रानांतही पुन्हा वाढलेला आढळला. त्याला रोग होतो, पण पुष्कळ पक्षी तगतात. आणि डोंगरावरच्या भाऊबंदांहून ते आनुवंशिक दृष्ट्या वेगळे आहेत. असे का व्हावे? मूळच्या थव्यांत थोड्यांच्या ठायी रोग सोसण्याची शक्ती असावी. बाकीचे मेले, त्यांचा वंश टिकला.

विविधता हे संकटकाळचे भांडवल आहे. साथ मात्र ते खर्चूनच निवड करते. म्हणून आम्हांला वाटते, चार पाखरे जगवून भागणार नाही. थवे मोठे राहिले, तरच पुढच्या साथीला तोंड देणारे कोणी त्यांत निघेल.