हनोईत रोजचे सहा लाख

दिवसाला ६ लाख डोंग. ऐकायला मोठं वाटतं, पण ३० हजार डोंगांचे साधारण शंभर रुपये होतात, म्हणजे हातात दोन हजारच. एवढ्यात खाट, खाणं, फिरणं सगळं बसवायचं. पाठीवर सॅक, सोबतीला कोणी नाही. काटकसर आणि सुरक्षितता यांच्या दोन वेगळ्या वह्या ठेवता येत नाहीत, हे अशा प्रवासात लवकर कळतं. कुठे हात आखडायचा आणि कुठे मुळीच आखडायचा नाही, हे ठरवण्यात सगळा दिवस जातो.

पहाटे ५.३०

बायकांची डॉर्म, आठ खाटा, भाडं १ लाख ८० हजार. याच गल्लीत १ लाखाचीही खाट होती. तिथे लॉकर नव्हते आणि रात्री दहानंतर काउंटरवर कोणी बसत नव्हतं. ऐंशी हजारांचा हा फरक मी बिनतक्रार देते. लॉकरला कुलूप मात्र घरून आणलेलं.

पासपोर्ट लॉकरमध्येच. इथे हॉटेलवाल्यांना परदेशी पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते, म्हणून आल्या आल्या पासपोर्ट मागतात. नोंद झाली की तो तिथल्या तिथे परत घ्यायचा, काउंटरच्या खणात राहू द्यायचा नाही. बाहेर पडताना जवळ त्याची झेरॉक्स आणि ई-व्हिसाची छापील प्रत. ई-व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलरला मिळतो आणि नव्वद दिवसांपर्यंत चालतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करायचा, कारण हुबेहूब तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे लावतात. नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं, वडिलांच्या नावासकट.

सकाळी ६

होआन किएम तळ्याभोवती चक्कर. या वेळी हनोईचे आजी-आजोबा गाणी लावून कवायत करत असतात. फुकटातली सगळ्यात चांगली करमणूक, आणि शहराची ओळख करून घ्यायला सगळ्यात निर्धोक वेळ. नव्या गावात पहिली चक्कर उजेडात मारायची, म्हणजे रात्री परतताना गल्ल्या ओळखीच्या वाटतात.

सकाळी ७.३०

नाश्त्याला हळद घातलेला चिकट भात, वर मुगाचा लगदा आणि तळलेला कांदा. २५ हजार. शाकाहारी दिसतो, पण वरून ओततात ती बहुतेकदा कोंबडीची चरबी असते. ती नको, एवढं खुणेने सांगायचं.

पैसे देताना घाई करायची नाही. २० हजारांची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळसर. अंधुक उजेडात एकीच्या जागी दुसरी गेली की दिवसाचं बजेट एका घासात संपलं. म्हणून मोठ्या नोटा आतल्या पाकिटात आणि दिवसापुरते सुटे पुढच्या खिशात. बाजारात आतलं पाकीट उघडायचंच नाही.

सकाळी ९

एटीएम. बँकेच्या आवारातलंच, आणि तेही बँक उघडी असताना. कार्ड अडकलं तर निदान आत जाऊन माणसाशी बोलता येतं. यंत्र विचारतं, रक्कम रुपयांत वळवून घेऊ का? नाही म्हणायचं, व्यवहार डोंगमध्येच ठेवायचा. रुपयांचा पर्याय सोयीचा दिसतो, पण त्यातला दर यंत्रवाल्याच्या फायद्याचा असतो. फी दर वेळी लागते, त्यामुळे दहादा थोडेथोडे काढण्यापेक्षा दोनतीनदा जास्त काढलेले परवडतात. आज ५० हजार गेले. आपल्या बँकेचं शुल्क वेगळं.

कार्डं दोन, वेगवेगळ्या बँकांची, वेगवेगळ्या जागी. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. निघण्यापूर्वी ॲपवरून ते सुरू करायचे आणि रोजची मर्यादा आपल्या गरजेपुरतीच ठेवायची. कार्ड चोराच्या हाती लागलं तरी त्याला तेवढंच मिळेल. ओटीपीसाठी आपलं भारतीय सिम रोमिंगवर चालू हवं, इंटरनेटला इथलं सिम.

सकाळी १०

वान मिउ, म्हणजे १०७० साली बांधलेलं साहित्यमंदिर. अर्ध्या तासाची पायपीट, तिकीट ७० हजार. कासवांच्या पाठीवर उभे ८२ शिलालेख आणि त्यांवर जुन्या राजपरीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावं. आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षावाल्यांना इथे घरच्यासारखं वाटेल.

वाटेत रस्ता ओलांडणं हीच मोठी परीक्षा. स्कूटरींचा लोंढा थांबत नाही. एका संथ चालीने चालत राहायचं, मध्येच थबकायचं नाही, पळायचं तर नाहीच. चालवणारे आपल्या चालीचा अंदाज घेऊन वळसा घालतात. बस आणि मोटारी मात्र आधी जाऊ द्यायच्या. फोन रस्त्याच्या बाजूच्या हातात धरायचा नाही, नकाशा बघायचा तर दुकानाच्या पायरीवर चढून.

परतताना कावड घेतलेली फळवाली हसत पुढे येते आणि कावड आपल्या खांद्यावर देऊ बघते. फोटो काढला की पैसे आणि महागडी केळी. नकाराची मान हलवून चालत राहिलं की पुरे. याला धोका म्हणत नाहीत, खर्च म्हणतात. फळं मी पुढे भाव विचारून घेतली, पाण्यासकट २० हजार.

दुपारी १२.३०

जेवण ५० हजार. पाटीवर ‘कॉम चाय’ लिहिलेलं असलं की आत जे काही आहे ते शाकाहारी. भात, टोफू, मोरावळा नाही पण लोणच्यासारखी मुरवलेली भाजी. चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच व्हिएतनामी लोक शाकाहार पाळतात, तेव्हा अशी दुकानं गजबजलेली असतात. गर्दीचं दुकान निवडावं, तिथलं अन्न ताजं असतं. नंतर अंड्याची कॉफी, ३५ हजार. ही चैन बजेटमध्ये मुद्दाम ठेवलेली, कारण चैन अजिबात नसलेलं बजेट चौथ्या दिवशी मोडतं.

दुपारी २.३०

कपडे धुवायला टाकले, ४० हजार. आता आजचं खरं काम, उत्तरेच्या हा झांगच्या डोंगरवाटांचं नियोजन. रात्रीची स्लीपर बस तिथे पहाटे तीन-चारला उतरवते आणि एका रात्रीचं भाडं वाचवते. अनोळखी गावात त्या वेळी सॅक घेऊन उभं राहण्यापेक्षा मी सकाळची बस घेतली.

हॉस्टेलात सांगलीचा एक मुलगा भेटला. तो तिथे भाड्याची मोटरसायकल चालवणार होता.

“ताई, माझ्याकडे आरटीओचं इंटरनॅशनल परमिट आहे ना.”

“ते १९४९ च्या जिनिव्हा करारातलं. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं मानतो. आपलं इथे चालत नाही.”

“पण दुकानवाला लायसन मागतसुद्धा नाही.”

“तो कशाला मागेल? पोलीस मागतील. आणि पडलास तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच मागेल.”

दोन आठवड्यांच्या विम्याला दोन हजार रुपयेही पडत नाहीत. पण विनापरवाना वाहन चालवताना झालेला अपघात त्यात बसत नाही, हे बारीक अक्षरांत असतं. मा पी लेंगच्या घाटात एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. तिथे हाड मोडलं तर गाडी, दवाखाना आणि विमानाने घरी आणणं, सगळं स्वतःच्या खिशातून.

पर्याय आहे. स्थानिक चालक गाडी चालवतो, आपण मागे बसायचं. तीन दिवस, दोन रात्री, राहणं-जेवण धरून ३५ लाख डोंग सांगितले. स्वतः चालवण्यापेक्षा हे सुमारे पाच हजार रुपयांनी महाग. ते मी हालाँगच्या रात्रीच्या बोटीतून काढले, म्हणजे बोट रद्द केली. बजेट ताणलं की बघायचं ठिकाण कापायचं. विमा, रात्रीचा प्रवास आणि झोपायची जागा यांना कात्री लावायची नाही.

मुलगा हिशेब करत बसला. संध्याकाळी त्यानेही चालकाची चौकशी केली.

संध्याकाळी ७

घरी फोन. तिकडे साडेपाच वाजलेले. आईचे प्रश्न ठरलेले, त्यांची उत्तरंही. दादाला उद्याच्या बसची वेळ आणि मुक्कामाचा पत्ता पाठवला. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांच्या प्रती त्याच्याकडे आहेतच. हनोईतल्या भारतीय दूतावासाचा नंबर आणि इथले तातडीचे नंबर, पोलीस ११३, अग्निशमन ११४, रुग्णवाहिका ११५, कागदावर लिहून ठेवलेत. फोनच चोरीला गेला तर फोनमधल्या नंबरांचा काय उपयोग?

रात्री ८

ता हिएन गल्लीत बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर जग बसलेलं. जेवण ६० हजार, लिंबाचा चहा १५ हजार. शेजारच्या टेबलावर कुणीतरी फुकटचे शॉट वाटत होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या लाओसमधल्या वांग व्हिएंगला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन सहा परदेशी पर्यटक दगावले. प्यायचीच तर आपल्यासमोर उघडलेली सीलबंद बाटली, नाहीतर नाही. फुकटचं तर नकोच.

रात्री ९.३०

परतायला ॲपवरची मोटार, ५० हजार. बाइक निम्म्यात आली असती, पण त्या वेळी मला बंद दार हवं होतं. बसण्यापूर्वी नंबरप्लेट ॲपशी जुळवली.

रात्री १०.१५

वही. खाट १,८०,०००, नाश्ता २५,०००, एटीएम ५०,०००, तिकीट ७०,०००, फळं-पाणी २०,०००, जेवण ५०,०००, कॉफी ३५,०००, धुलाई ४०,०००, रात्रीचं जेवण ६०,०००, चहा १५,०००, मोटार ५०,०००. एकूण ५,९५,०००.

उरले पाच हजार डोंग, म्हणजे सतराएक रुपये. पट्ट्यात शिवलेले दोनशे डॉलर या हिशेबात धरलेले नाहीत. ते प्रवासखर्चाचे नाहीतच. वाईट दिवशी कुणालाही न विचारता चांगल्या हॉटेलात जाता यावं, विमान पकडता यावं, यासाठी ते आहेत. न मोडता घरी आले तर पुढच्या सफरीला तेच पुन्हा पट्ट्यात जातील.

सकाळची बस साडेसहाची. पाचचा गजर लावला.