चौपन्नची स्थगिती, शहाण्णवचा नकार

१ मार्च १९५४ रोजी पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी प्रवाळद्वीपावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्ब फोडला. त्याची ताकद १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावरच्या बॉम्बच्या जवळजवळ हजारपट होती. शास्त्रज्ञांनी मांडलेला अंदाज पार कोलमडला. धोक्याची म्हणून आखलेल्या हद्दीबाहेर मासेमारी करणाऱ्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी बोटीवर आकाशातून पांढरी राख पडू लागली. बोटीवर २३ जण होते. बंदरात परत येईतो त्यांची कातडी भाजल्यासारखी झाली होती, केस गळत होते. त्यांच्यातला रेडिओचालक आयकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये गेला.

कुबोयामा अजून इस्पितळात होता, तेव्हा २ एप्रिल १९५४ रोजी जवाहरलाल नेहरूंनी लोकसभेत एक मागणी केली. बॉम्बचे उत्पादन आणि साठे यांबद्दलचा मोठा करार व्हायला वेळ लागेल तर लागो, पण निदान प्रत्यक्ष स्फोट तरी आधी थांबवा, अशी. त्याला त्यांनी स्थगिती करार म्हटले आणि भारताने हा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांकडे धाडला. अणुचाचण्या थांबवा, असे इतक्या थेटपणे मागणारा पहिला देश म्हणून भारताचे नाव घेतले जाते ते यामुळे.

मला त्या मागणीतला ‘निदान’ महत्त्वाचा वाटतो. अण्वस्त्रे नष्ट होणे दूरची गोष्ट आहे हे नेहरूंना कळत होते. म्हणून त्यांनी दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या, आणि जी आज होण्यासारखी होती ती आज मागितली. बेचाळीस वर्षांनी जिनिव्हात भारत याच मुद्द्यावर अडून बसला, पण उलट्या बाजूने: अण्वस्त्रे कधी नष्ट करणार ते आधी सांगा, मग चाचणीबंदीचे बोलू.

मधल्या वर्षांत काय झाले ते पाहिल्याशिवाय हे उलटणे समजत नाही.

हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत झाला. भारताने तीनच दिवसांनी त्यावर सही केली. भूमिगत स्फोट त्यात मोकळे राहिले होते, तरीही केली. पुढच्या वर्षी, १६ ऑक्टोबर १९६४ ला, चीनने पहिला अणुस्फोट केला. १९६२च्या पराभवाला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. मग आला अण्वस्त्र प्रसारबंदी करार. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्याने स्फोट केला तो अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी हात बांधून घ्यायचे. चीन रेषेच्या आत, भारत बाहेर. बड्यांनी आपली अस्त्रे कमी करण्याविषयी सहाव्या कलमात एक वचन होते, पण त्याला तारीख नव्हती. १९६८ मध्ये हा करार सह्यांसाठी खुला झाला, आणि भारताने नाही म्हटले. हा नकार मला आजही योग्य वाटतो. वाढदिवस पाहून हक्क ठरवणारा तो करार होता.

नकाराची किंमत पालघरच्या किनाऱ्यावर दिसली. तारापूरच्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून अमेरिकी इंधनावर चालत होत्या. १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि तारापूरचे इंधन अडले. अमेरिकेशी झालेल्या १९६३च्या तारापूर करारातले पुरवठ्याचे आश्वासन त्या कायद्यापुढे टिकले नाही; शेवटी फ्रान्स मदतीला आला. कराराला दिलेल्या एका नकाराचा बोईसरजवळच्या या वीजकेंद्राशी असा थेट संबंध असतो.

भारताने वाटाघाटींकडे मात्र पाठ फिरवली नाही. ९ जून १९८८ रोजी राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २०१० पर्यंत जग अण्वस्त्रमुक्त करण्याचा टप्प्याटप्प्याचा आराखडा मांडला. बड्या राष्ट्रांनी तो बाजूला ठेवला. १९९३ मध्ये सर्वंकष चाचणीबंदीचा ठराव आला, तेव्हा अमेरिकेच्या बरोबरीने भारतही त्याचा सहप्रस्तावक होता. म्हणजे ज्या कराराला पुढे आपण अडवले, त्याच्या पाळण्याची दोरी काही काळ आपल्याही हातात होती.

वाटाघाटी १९९४ मध्ये जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत सुरू झाल्या. परिषद ज्या दालनात भरते, तिथल्या भिंती आणि छत स्पॅनिश चित्रकार होसे मारिया सेर्त याने सोनेरी-तपकिरी रंगांत रंगवले आहेत. या परिषदेत मतदान नसते, सर्वसहमती लागते. एकाने जरी हरकत घेतली तरी मसुदा पुढे सरकत नाही.

मे १९९५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रसारबंदी कराराला बेमुदत वाढ मिळाली आणि दिल्लीतली हवा बदलली. पाच देशांची मक्तेदारी आता कायमची झाली होती. पाठोपाठ फ्रान्सने दक्षिण पॅसिफिकमध्ये चाचण्यांची मालिका केली. चीनच्याही चालूच होत्या. डिसेंबरमध्ये भारत पोखरणला तयारी करत असल्याची बातमी अमेरिकी वृत्तपत्रात झळकली.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात दिल्लीने तीन पंतप्रधान पाहिले: नरसिंह राव, तेरा दिवसांचे वाजपेयी, मग देवेगौडा. भूमिका बदलली नाही. जिनिव्हात ती मांडत होत्या राजदूत अरुंधती घोष. २० जून रोजी त्यांनी सांगितले की या स्वरूपातल्या करारात भारत सामील होऊ शकत नाही. आक्षेप दोन होते. अण्वस्त्रे नष्ट करण्याची कालमर्यादा यात नाही. आणि बंदी फक्त स्फोटांवर आहे, प्रयोगशाळेत व संगणकावर अस्त्रे सुधारण्याची वाट पुढारलेल्या देशांना खुलीच आहे. त्याच निवेदनात राष्ट्रीय सुरक्षेचाही उल्लेख होता. शेजारचे देश शस्त्रकार्यक्रम चालवत असताना आपला पर्याय सोडता येणार नाही, हे भारताने त्या व्यासपीठावर पूर्वी इतके उघड बोलून दाखवले नव्हते.

वाटाघाटींचे अध्यक्ष, नेदरलँड्सचे याप रामाकर यांनी मांडलेल्या मसुद्यात कलम १४ होते. अणुभट्ट्या असलेल्या ४४ देशांची नावे त्याला जोडलेली, आणि त्या प्रत्येकाने मान्यता दिल्याशिवाय करार अमलात येणार नाही अशी अट. भारताचे नाव त्यात. चीन, रशिया आणि ब्रिटन यांचा या अटीसाठी आग्रह होता. भारताने सही करणार नाही असे सांगितल्यानंतरही नाव काढले गेले नाही. एखाद्या सार्वभौम देशाच्या नकारावर साऱ्या कराराचे अपयश टांगायचे आणि मग त्याच्यावर दबाव आणायचा, हा डाव होता. इथे भारताची बाजू निर्विवाद बरोबर होती. ऑगस्टमध्ये भारताने सर्वसहमती रोखली. मग ऑस्ट्रेलियाने मसुदा आमसभेत नेला. १० सप्टेंबर १९९६ रोजी १५८ विरुद्ध ३ मतांनी तो मंजूर झाला. विरोधात भारत, भूतान आणि लिबिया.

याच्या आठवडाभर आधी, ३ सप्टेंबरला, भारताने रासायनिक अस्त्रबंदी कराराला मान्यता दिली होती. त्यात सर्वांना एकच नियम होता: ज्याच्याकडे साठा असेल त्याने तो जाहीर करायचा आणि नष्ट करायचा. अशी अस्त्रे आपल्याकडे नाहीत असे पूर्वी सांगणाऱ्या भारताने १९९७ मध्ये साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत सुमारे हजार टनांचा तो साठा तपासनिसांच्या देखरेखीखाली संपवला. समान नियम असेल तर आपण तो पाळतो, याचा याहून भक्कम पुरावा कोणता?

म्हणूनच शहाण्णवचा नकार केवळ ढोंग होता असे मी मानत नाही. पण तो निव्वळ तत्त्वाचाही नव्हता. कालमर्यादेची अट पाचही देश कधी मान्य करणार नाहीत, हे दिल्लीला ठाऊक होते. त्या अटीच्या आडोशाला पर्याय जपला गेला. ११ आणि १३ मे १९९८ रोजी तो वापरला गेला आणि लगेच स्वेच्छेने चाचणीबंदी जाहीर झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाजपेयींनी आमसभेत सांगितले की करार अमलात येण्याच्या आड भारत येऊ इच्छित नाही. कालमर्यादेची अट मागे पडली होती. स्फोट झाले होते, आणि आता नेहरूंचा ‘निदान’ परवडत होता. मला हे बोचते. कारण चौपन्नला तो शब्द आपण उच्चारला, तेव्हा आपल्या हातात काहीच नव्हते, आणि म्हणून त्याला वजन होते.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या सिनेटनेच करार फेटाळला आणि दिल्लीवरचा दबाव ओसरला. २०२३ मध्ये रशियाने दिलेली मान्यता परत घेतली. २०१७ साली शंभराहून अधिक देशांनी अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा करार बनवला, तेव्हा भारत त्या वाटाघाटींत नव्हताच. इतर अण्वस्त्रधारीही नव्हते. आपण कोणाच्या रांगेत बसलो, ते तिथे रिकाम्या खुर्च्यांनी दाखवले.

कर्नाटकात गौरीबिदनूरला भूकंपमापकांची एक मांडणी आहे. तुर्भ्याच्या अणुकेंद्राने ब्रिटिशांच्या सहकार्याने ती साठच्या दशकात उभी केली, जगात कुठेही जमिनीखाली अणुस्फोट झाला तर कळावे म्हणून. चाचणीबंदी करारासाठी ३२१ केंद्रांचे जागतिक जाळे आखले गेले. त्यातून आपली केंद्रे भारताने शहाण्णवमध्ये काढून घेतली. त्या जाळ्यातली माहिती आज व्हिएन्नाला जमा होते. गौरीबिदनूरची होत नाही.