पोटाची पुडी : प्रोबायोटिक कधी घ्यावे, कसे घ्यावे?

वर्षावास सुरू झाला की संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला बायाबापड्या जमतात. वाचन आटोपले की निम्म्या जणी आमच्याभोवती बसतात आणि पिशव्यांतून औषधांच्या चिठ्ठ्या निघू लागतात. दिवस पावसाळ्याचे असल्यामुळे त्यातल्या बहुतेक चिठ्ठ्या पोटाच्या असतात.

गेल्या पावसाळ्यात एक आजी दीड वर्षाच्या नातवाला कडेवर घेऊन आली. पोराला दोन दिवस पाण्यासारखे जुलाब होत होते. तिने पिशवीतून तीन वस्तू काढून आमच्यापुढे मांडल्या : अँटिबायोटिकचे सिरप, भूक लागायचे टॉनिक आणि प्लास्टिकच्या चिमुकल्या बाटल्यांचे पाकीट.

"सिस्टर, मेडिकलवाला म्हणाला, ह्या बाटलीत पोटातले चांगले जंतू आहेत. साडेतीनशे रुपये गेले, तरी पोरगं थांबंना."

पोराचे डोळे खोल गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळू परत जात होती. सकाळपासून लघवी नव्हती.

"ओआरएस दिलं का, मावशी?"

"ते कुठं दिलं त्यानं?"

आशाताईंच्या पिशवीत ओआरएसची पाकिटे होती. विहारातच पाणी तयार केले, चमच्या-चमच्याने पाजत रिक्षा बोलावली आणि पोराला रुग्णालयात नेले. सलाईन लागले, तिसऱ्या दिवशी पोर हसत घरी आले. पण घरकाम करून पोट भरणाऱ्या बाईने साडेतीनशे रुपये मोजले आणि त्यात एक ओआरएसची पुडी नव्हती, ही गोष्ट आमच्या डोक्यातून जाईना.

तेव्हा प्रोबायोटिकविषयी बोलण्याआधी हे लिहून ठेवा. जुलाबात माणूस जंतूंनी मरत नाही इतका अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने मरतो. म्हणून पहिले औषध ओआरएस. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, छोटे असेल तर पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात, आणि सगळे एकदम. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नये. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. सोबत झिंकची गोळी : सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, आणि जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस. या दोन्ही गोष्टी सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळतात. टेट्रापॅकमधली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. ठरलेल्या सूत्रानुसार नसलेल्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली आहे.

आता त्या चिमुकल्या बाटलीकडे येऊ.

प्रोबायोटिक म्हणजे असे जिवंत सूक्ष्मजीव, जे पुरेशा प्रमाणात पोटात गेले तर शरीराला फायदा करतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केलेल्या व्याख्येचा अर्थ एवढाच आहे. त्यातले 'जिवंत' आणि 'पुरेशा' हे दोन शब्द ध्यानात ठेवा. घेताना होणाऱ्या बहुतेक चुका त्या दोन शब्दांपाशीच होतात.

आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. ते रोगाचे नव्हेत, आपले रहिवासी आहेत. न पचलेला चोथा ते पचवतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात, त्यामुळे वाईट जंतूंना पाय रोवता येत नाही. अँटिबायोटिक घेतले की काय होते, हे वस्तीतल्या माणसाला वेगळे समजावायला नको. बुलडोझर येतो तेव्हा तो कोणाकडे कागद आहेत आणि कोणाकडे नाहीत हे पाहत नाही. अँटिबायोटिकही रोगाच्या जंतूंबरोबर या रहिवाशांची घरे पाडते. मोकळ्या जागेवर मग भलतेच येऊन बसतात आणि औषधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पोट ढिले होते. प्रोबायोटिकचे जंतू या वेळी कामाला येतात. तेही कायमचे राहायला येत नाहीत. जुने रहिवासी परतेपर्यंत जागा राखणारे ते पाहुणे समजा. घेणे थांबवले की काही दिवसांत निघून जातात.

म्हणून प्रोबायोटिकचा सर्वांत पक्का उपयोग आहे तो अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी. मुलांवर झालेल्या अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २०१९ साली आढावा घेतला. अँटिबायोटिक घेणाऱ्या साधारण नऊ मुलांना प्रोबायोटिक दिले तर त्यातल्या एकाचे जुलाब टळतात, असे त्यात दिसले. म्हणजे जादू नाही, पण उपयोग आहे. त्यातही लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस आणि सॅकरोमायसिस बोलार्डी या दोन जातींच्या बाजूने पुरावा अधिक आहे, आणि तोही दिवसाला ५०० कोटी किंवा त्याहून जास्त जंतू दिले तर.

साध्या जुलाबात मात्र चित्र वेगळे आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णालयांत मुलांवर केलेल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष २०१८ साली आले. प्रोबायोटिक दिलेली आणि न दिलेली मुले जवळपास सारख्याच वेळात बरी झाली. डॉक्टरांनी लिहून दिले आणि परवडत असेल तर द्यावे, पण ओआरएस आणि झिंकचे पैसे मोडून कधीही देऊ नये. उधारी करून तर मुळीच नको.

आणखी एक. लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. मेडिकलवाल्याला "पोट बिघडलंय, काहीतरी द्या" म्हटले की आधी अँटिबायोटिक येते, मग त्याने पोट बिघडू नये म्हणून प्रोबायोटिक येते. पहिली पुडी नको असेल तर दुसरीचेही कारण उरत नाही. बाळांना रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला तोंडावाटे मोफत मिळते. ती चुकवू नका.

आता घ्यायचे कसे. इथे आधी आमचीच चूक सांगतो. डिप्लोमा करून आम्ही एका खासगी नर्सिंग होममध्ये लागलो, तेव्हा सकाळी आठच्या ट्रेमध्ये अँटिबायोटिकची गोळी आणि प्रोबायोटिकची कॅप्सूल एकाच वाटीत ठेवून पेशंटला द्यायचो. कितीतरी दिवस. कोणी विचारले नाही, आम्हालाही सुचले नाही. जिवंत जंतू आणि जंतू मारणारे औषध एकाच घोटाबरोबर! अर्धे पैसे तिथेच पाण्यात जात असणार.

तर लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम अशी नावे पाकिटावर असतील तर अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक यात किमान दोन तासांचे अंतर ठेवा. अँटिबायोटिक सकाळी आठ आणि रात्री आठला असेल तर प्रोबायोटिक दुपारच्या जेवणासोबत घ्यावे. रिकाम्या पोटी आम्लाचा मारा जास्त बसतो, म्हणून जेवणाबरोबर किंवा जेवणाआधी अर्ध्या तासात घेतलेले बरे. अँटिबायोटिक सुरू झाले की पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करायचे, जुलाब लागायची वाट पाहायची नाही, आणि कोर्स संपल्यावरही आठवडाभर चालू ठेवायचे.

बोलार्डी हा जीव बॅक्टेरिया नाही, यीस्ट आहे, म्हणजे बुरशीच्या जातीचा. अँटिबायोटिक त्याला मारत नाही, त्यामुळे अंतर ठेवले नाही तरी चालते. पण बुरशीवरची औषधे त्याला मारतात. वस्तीत गजकर्णाने हैराण झालेल्या घराघरांत फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोलच्या गोळ्या चालू असतात. त्या घेत असाल तर बोलार्डी घेऊ नका.

आणि चिमुकल्या बाटल्यांत बहुधा बॅसिलस क्लॉसी या जंतूचे बीजाणू असतात. नेहमीच्या पाच मिलिलिटरच्या बाटलीत २०० कोटी. बीजाणू म्हणजे कवचात झोपलेला जंतू, त्यामुळे ही बाटली फ्रिजशिवायही टिकते. आधी नीट हलवायची, मग तोंडाने प्यायची. ती दिसायला इंजेक्शनच्या बाटलीसारखी असते, म्हणून ठासून सांगतो : ही फक्त पिण्याची आहे, सुईने टोचण्याची नाही. कोणी टोचायला निघाले तर हात धरा.

पुडीतली पावडर गरम चहात किंवा गरम दुधात टाकू नका, आतले जीव मरतात. साध्या, उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा दह्यात कालवून लगेच घ्या. अर्धी पुडी फोडून उरलेली डब्यात ठेवू नका, दमटपणाने ती वाया जाते. काही कॅप्सूल २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय उकाडा असतो ते आपण जाणतो. माठाजवळ ठेवल्याने फ्रिजचे काम होत नाही. घरात फ्रिज नसेल तर दुकानात आधीच सांगा : "फ्रिजबाहेर टिकणारं द्या." आणि जी वस्तू फ्रिजमध्ये ठेवायला छापले आहे ती दुकानदार फळीवरून काढून देत असेल, तर ती घेऊ नका.

पाकिटावर अंतिम तारीख पाहाच. जंतूचे पूर्ण नाव आणि संख्या छापलेली आहे का तेही पाहा. नुसते 'प्रोबायोटिक' लिहून भागत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असेल तर ती वस्तू कायद्याने अन्नपूरक आहे, औषध नाही. तिच्या जोरावर मूळव्याध, मधुमेह, लठ्ठपणा बरा करू असे कोणी सांगत असेल तर तो तुमच्या खिशावर डोळा ठेवून आहे.

नेहमीचा गॅस, पोट फुगणे, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब अशी जुनी तक्रार असलेल्यांपैकी काहींना प्रोबायोटिकने बरे वाटते, काहींना वाटत नाही. आधी डॉक्टरांकडून तपासणी, मग एकच उत्पादन चार आठवडे घेऊन पाहावे. फरक नसेल तर बंद करावे. सुरुवातीचे दोन-चार दिवस गॅस जास्त होऊ शकतो, त्याला घाबरायचे कारण नाही.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नये : केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खालावलेले, अतिदक्षता विभागातले किंवा मानेच्या-छातीच्या मोठ्या नसेत नळी घातलेले रुग्ण, आणि अपुऱ्या दिवसांची बाळे. अशांच्या रक्तात हेच 'चांगले' जंतू शिरून जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. बोलार्डीची पुडी तर नळी लावलेल्या रुग्णाच्या खाटेजवळ फोडूही नये, कारण पावडर हवेतून उडून हातावर आणि नळीवर बसते. टीबीच्या गोळ्यांनी पोट बिघडले म्हणून गोळ्या स्वतःच बंद करून प्रोबायोटिक सुरू करणारे आम्ही पाहिले आहेत. तसे करू नका. त्या गोळ्यांबरोबर मळमळ वाढली, डोळे-लघवी पिवळी झाली तर त्याच दिवशी केंद्रावर जा.

"मग रोज काय खावं, ताई?" हा प्रश्न हमखास येतो. रोजच्यासाठी कॅप्सूल लागत नाही. घरचे दही, ताक पुरे. त्यातले जंतू पाकिटातल्यासारखे मोजून तपासलेले नसतात, म्हणून दह्याला औषध म्हणणार नाही, पण ते जिवंत असतात आणि सोबत प्रथिने, कॅल्शियमही मिळते. दूध न पचणाऱ्या पुष्कळांना दही पचते. कढी उकळली की जंतू मेले. ज्वारी-नाचणीची आंबील आंबवलेली असली तरी आपण ती शिजवतो, तेव्हा जिवंत जंतू हवे असतील तर गार झाल्यावर वरून ताक घाला. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर गोळी दूध-दह्याबरोबर घेऊ नका, औषध अंगी लागत नाही. तिथेही मधे दोन तास जाऊ द्या. आणि ताकात घालायचे पाणी उकळलेले हवे, नाहीतर चांगल्या जंतूंसोबत नळाचे जंतूही पोटात जातील. ज्या गल्लीत पिण्याचा पाइप गटारातून जातो तिथल्या पोरांना महिन्याला जुलाब होणारच. त्यासाठी वॉर्ड ऑफिसला द्यायच्या अर्जाचा नमुना आम्ही विहाराच्या कपाटात ठेवला आहे. गल्लीतल्या प्रत्येक घराची सही घेऊन तो द्या आणि पोच घ्या.

शौचात रक्त, तांदळाच्या पेजेसारखे पांढरट पाणी, सहा तास लघवी नाही, पोर सुस्तावले किंवा पिईनासे झाले, मोठ्या माणसाचे जुलाब दोन-तीन आठवडे हटेनात किंवा वजन उतरू लागले, तर कोणतीही पुडी शोधत बसू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, आरोग्य सल्ल्यासाठी १०४. वाहन येईपर्यंत ओआरएस चमच्याने चालू ठेवा.