मातीची ऊब, ज्येष्ठांच्या हाताशी

पौषातल्या एखाद्या पहाटे मळ्यातील विहिरीचे पाणी ओंजळीत घेऊन पाहा. बाहेर कडाक्याची थंडी असते आणि पाणी मात्र कोमट लागते. वैशाखात तेच पाणी गार वाटते. जमिनीखाली काही हातांवर तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, त्याचा हा अनुभव. रावेर-यावलचे केळी उत्पादक थंडीच्या लाटेत रात्री बागेला विहिरीचे पाणी देतात, तेही याच आधारावर. हीच ऊब घरच्या भाजीपाल्यासाठी वापरण्याची स्वस्त सोय म्हणजे भूमिगत हरितगृह.

या पद्धतीचा खरा कस लागतो तो लडाखमध्ये. सुमारे 3,500 मीटर उंचीवरील लेह येथे 1962 पासून संरक्षण खात्याची संशोधन प्रयोगशाळा कार्यरत आहे. त्या भागात जमिनीत चर खणून, वर वासे टाकून पॉलिथिन अंथरतात. दिवसा ऊन मातीत साठते, रात्री माती ते परत देते. बाहेर बर्फ असतानाही आत पालेभाजी तग धरते.

आपल्या जळगाव-धुळ्यात बर्फ नाही. तथापि हिवाळ्यातील काही रात्री पारा 10 अंशांखाली उतरतो. मेथी, पालक, कोथिंबीर यांना ती थंडी मानवते. गिलके, दोडके, काकडी, मिरची यांचे बी मात्र उगवतच नाही किंवा रोप खुंटते. म्हणून जानेवारीत उन्हाळी भाज्यांची रोपे तयार करण्यास हे हरितगृह आपल्याकडे उपयोगी पडते.

ज्येष्ठांसाठी एक बदल करावा. वाफे खाली न नेता केवळ मधली पायवाट खणावी : अडीच फूट खोल, तीन फूट रुंद, दहा-बारा फूट लांब. दोन्ही बाजूंचे वाफे जमिनीच्या पातळीवरच, दोन फूट रुंदीचे ठेवावेत. पायवाटेत उभे राहिले की वाफा कमरेच्या आसपास येतो. वाकावे लागत नाही, मांडी घालावी लागत नाही. थंड हवा जड असल्याने पायवाटेत उतरते आणि रोपे बचावतात. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. वर बांबूच्या कमानी व 200 मायक्रॉनचे हरितगृहाचे प्लास्टिक पुरे. रात्री त्यावर गोणपाट टाकावे. सकाळी ऊन वर आले की दोन्ही टोके उघडावीत, अन्यथा दुपारी रोपे होरपळतात.

जागेची निवड महत्त्वाची. खान्देशातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तीत खणलेली भिंत ढासळू शकते. मुरमाड, उंचवट्याची जागा घ्यावी आणि कडा जुन्या विटांनी बांधून काढाव्यात. खोल काळी माती असेल तर खणूच नये. विटांचे उंच वाफे बरे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी पुढील गोष्टी आधी कराव्यात. पायऱ्या रुंद व सहा इंचांहून कमी उंचीच्या असाव्यात, दोन्ही बाजूंना हाताला पाइपचा आधार असावा. ऊब शोधत साप-विंचूही येतात. म्हणून आधी घरातील तरुण व्यक्तीने काठी व बॅटरी घेऊन पाहणी करावी आणि ज्येष्ठांनी बंद बूट घालूनच उतरावे. वृद्धापकाळी थंडीची जाणीव मंदावते. ऊन पडण्यापूर्वी बाहेर पडू नये. आतील दमट हवेने दम्याच्या रुग्णास त्रास होऊ शकतो. गुडघे वा तोल साथ देत नसतील, तर पायऱ्यांचा मोह टाळावा. बी पेरणे, रोपांच्या पिशव्या भरणे ही कामे ओट्यावर बसूनही होतात. एकट्याने आत जाऊ नये, हा नियम सर्वांनाच लागू.

उन्हाळ्यात प्लास्टिक काढून शेडनेट लावले की त्याच वाफ्यांत कोथिंबीर काही काळ टिकते. पावसाळ्यात आच्छादन उतरवून खड्ड्याभोवती कठडा घालावा, साचलेले पाणी उपसावे.

जानेवारीत लावलेल्या बियांचे गिलके उन्हाळ्याच्या आरंभी ताटात येते. ते मऊ शिजते, दात नसलेल्यालाही चावते. शिवाय ज्यांना घरात आता कोणी काम सांगत नाही, त्या आजी-आजोबांच्या हातांना रोज सकाळी थोडे आपले असे काम मिळते.